भिंतीआडचा कारागीर

सुतारानें केलेलें कपाट घरधनी उघडझांप करून पाहतो. गवंड्याची भिंत ओळंब्यांत आहे कीं नाहीं, तें डोळ्यांना दिसतें. नळकारागिराची गोष्ट निराळी आहे. त्याचें उत्तम काम आणि त्याचें वाईट काम हीं दोन्ही भिंतीच्या आंत, फरशीच्या खालीं सारखींच झांकलीं जातात. तोटी सोडली, पाणी आलें, मजुरी चुकती झाली, म्हणजे यजमान समाधान पावतो. दोष असेल तर तो सहा महिन्यांनीं ओल होऊन भिंतीवर उमटतो, आणि कधीं कधीं घरांतील माणसाच्या अंगांत ताप होऊन शिरतो. जें काम दिसत नाहीं त्याबद्दल विश्वास कशाच्या बळावर ठेवावयाचा, हा प्रश्न आजच्या गृहिणीला पडतो, तसाच तो दोन हजार वर्षांपूर्वीं रोमन लोकांनाही पडला होता.

‘प्लंबर’ हा शब्दच मुळीं त्यांच्या लॅटिन भाषेंतला. ‘प्लंबम’ म्हणजे शिसें. शिशाचे पत्रे वळवून त्यांच्या नळ्या करणारा तो ‘प्लंबेरियस’. रोम शहराचा पहिला जलमार्ग ख्रिस्तपूर्व ३१२ मध्यें बांधला गेला. पुढें इ. स. ९७ मध्यें बादशहा नर्व्हा यानें फ्रंटायनस नांवाच्या अनुभवी मुत्सद्द्याकडे या खात्याची व्यवस्था सोंपविली. शहरांत त्याला काय दिसलें, हें त्यानें स्वतःच्या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे. रस्त्यांखालून चोरट्या नळ्या गेलेल्या होत्या. पाण्याचा हक्क नव्या मालकाकडे गेला, कीं पाणीखात्याचे नोकर टांकीला नवें भोंक पाडीत आणि जुनें तसेंच ठेवून त्यांतलें पाणी विकीत! यावर उपाय होता तो शिक्क्याचा. टांकीला जोडावयाचें तोंड कांशाचें, ठराविक मापाचें आणि सरकारी शिक्क्याचें असावें, असा दंडक होता. शिसें मऊ, तें ठोकून रुंद करतां येतें. कांसें तसें वांकत नाहीं. उत्खननांत सांपडलेल्या कित्येक नळ्यांवर कारागिराचें नांवही ठशानें उठविलेलें आहे. काम मातीखालीं गेलें, तरी करणाराचें नांव त्याच्याबरोबर राहत असे.

मध्ययुगीन लंडननें दुसरा मार्ग काढला. तेथील नळकारागिरांचे नियम १३६५ मध्यें नगराधिकाऱ्यांपुढें मंजूर झाले. धंद्यांतील जाणत्या मंडळींनीं ‘याला काम येतें’ अशी ग्वाही दिल्यावांचून कोणीं शहरांत हा धंदा करूं नये, आणि उमेदवारी सात वर्षांहून कमी असूं नये, असें त्यांत ठरलें. अडाण्यांच्या हातून धंद्याची अब्रू जाऊं नये व लोकांची फसवणूक होऊं नये, हा त्याचा हेतु. आपली पोळी राखण्याची इच्छाही त्यांत नव्हती असें नाहीं. परंतु यजमानाला जी परीक्षा करतां येत नाहीं, ती त्याच्यासाठीं दुसऱ्या कारागिरानें करावी, ही कल्पना खरोखर मोलाची होती.

या परीक्षेचें महत्त्व पुढें जिवावर बेतल्यावर लोकांना कळलें. १७७५ मध्यें अलेक्झांडर कमिंग यानें शौचकूपाच्या नळीला बांक देऊन त्यांत पाणी अडवून ठेवण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. तें ओंजळभर पाणी गटारांतली घाण हवा घरांत येऊं देत नाहीं. श्रीमंतांच्या वाड्यांत अशीं साधनें बसलीं खरीं, पण त्यांच्या मागच्या नळ्या कोठें जातात व सांधे कसे आहेत, हें कोण पाहणार? १८७१ च्या शरद ऋतूंत इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, स्कारबरो येथील एका हवेलींत पाहुणा म्हणून राहिला आणि नंतर विषमज्वरानें अगदीं मरणाच्या दारीं गेला. त्याच मेजवानीला आलेला चेस्टरफील्डचा उमराव आणि युवराजाचा एक मोतद्दार, हे दोघे त्याच रोगानें दगावले. संशय हवेलीच्या गटारांवर आला. दुर्गंधी वायूनेंच हा ज्वर होतो, असें त्या वेळीं पुष्कळजण समजत. तें चूक होतें. त्याचा जंतु १८८० मध्यें दिसला, आणि तो मळानें दूषित झालेल्या पाण्यांतून व अन्नांतून पसरतो हें पुढें सिद्ध झालें. पण राजवाडा आणि तबेला यांना नळाचा वाईट सांधा सारखाच लेखतो, हा धडा मात्र खोटा नव्हता. १८८६ मध्यें लंडनच्या जुन्या नळकारागीर संघानें लायक कारागिरांची नोंदवही सुरू केली.

तोंपर्यंत हा प्रश्न मुंबईच्या दारांतही आला होता. विहिरी व तलाव यांवर जगणाऱ्या या शहरांत १८६० मध्यें विहार तलावाचें पाणी नळानें आलें. १८७९ मध्यें तुळशीची व १८९२ मध्यें तानशाची भर पडली. पाणी घरांत शिरलें, तसा नळवालाही शिरला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यांत नळकारागिरांना परवाने देण्याची तरतूद झाली, ती याचसाठीं.

रोमचा शिक्का, लंडनची उमेदवारी आणि मुंबईचा परवाना या एकाच गरजेच्या तीन तऱ्हा होत. आज घरासाठीं शिशाच्या नळ्या कोणी घालीत नाहीं. त्यांतलें पाणी विषारी होतें हें आतां सर्वमान्य आहे. गरज मात्र तीच उरली आहे. शेजारच्या घरीं ज्याचें काम पांच पावसाळे टिकलें, तो कारागीर म्हणजे ग्वाही मिळालेला कारागीर. नळी पुरली गेली, कीं कोणताही परवाना आंत डोकावून पाहूं शकत नाहीं; म्हणून भिंत बुजविण्यापूर्वीं तोट्या बंद करून नळ्या पाण्यानें भरून ठेवाव्या, आणि दुसऱ्या दिवशीं सांधे कोरडे दिसले तरच गिलावा करूं द्यावा. नळ्या कोठून गेल्या त्याचा साधा नकाशा जपून ठेवावा. घर महिनाभर बंद राहिलें असेल, तर मोरींत तांब्याभर पाणी ओतावें. बांकांतलें पाणी आटलें असतें. चांगला कारागीर या चौकशीनें रागावत नाहीं. त्याचें काम एरवीं कोणीच पाहत नसतें.