तीन सावल्यांचे वर्तुळ

उन्हात रोवलेल्या बारा अंगुळांच्या शंकूच्या सावलीचे टोक दिवसभर कोणत्या मार्गाने फिरते? सूर्यसिद्धान्ताचे उत्तर आहे, वर्तुळाच्या. दिवसात तीन वेळा टोकाच्या खुणा करायच्या, दोन-दोन खुणांवरून कंस काढून मत्स्य साधायचे, दोन्ही मत्स्यांच्या तोंडाशेपटांतून जाणाऱ्या रेषा छेदतील तो मध्य धरून तिन्ही खुणांतून वर्तुळ फिरवायचे, हाच भाभ्रम. यातली मध्य काढण्याची रीत निर्दोष आहे. मत्स्याची रेषा म्हणजे शाळेतला लंबदुभाजक, आणि युक्लिडही त्रिकोणाचे परिवर्तुळ त्यानेच काढतो. चूक आहे ती मार्ग वर्तुळाकार मानण्यात, आणि माझ्या मते रीत इतकी चोख असल्यामुळेच ती झाकली जाते.

बीजगणित मांडले की हे उघड दिसते. मध्याचे दोन निर्देशक आणि त्रिज्या ही तीन अव्यक्ते. प्रत्येक खूण एक समीकरण देते. समीकरणे एकमेकांतून वजा केली की अव्यक्तांचे वर्ग उडतात आणि दोन एकघाती समीकरणांतून मध्य हाती येतो. एका रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन खुणांना तो येतोच, मग मूळ वक्र कसलाही असो. वर्तुळाची खरी परीक्षा चौथ्या खुणेपासून सुरू होते. यावर कोणी म्हणेल, निर्देशकांची भूमिती देकार्तची, १६३७ ची. तिने जुन्यांना का जोखावे? पण ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच सांगितले होते की त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या गुणाकाराला उंचीच्या दुपटीने भागले की परिवर्तुळाची त्रिज्या मिळते. विषुवदिनी सावलीचे टोक सरळ रेषेत सरकते, हे ज्योतिषांना ठाऊक होते. त्या दिवशी तीन खुणांच्या त्रिकोणाची उंची शून्य, म्हणजे भागाकारच अडतो. सूत्र आणि निरीक्षण दोन्ही घरातलीच होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: माध्यान्हीच्या आसपास वर्तुळ आणि खरा मार्ग यांत फरक फारसा पडत नाही, मग व्यवहाराला काय अडते? तेवढ्या वेळापुरते काही नाही. पण सूर्य क्षितिजाशी टेकताना सावली अमर्याद लांबते, आणि वर्तुळ तर बंदिस्त. आपल्या अक्षांशांवर विषुवदिन सोडता हा मार्ग अपास्ताचा असतो. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत (११५०) तीन छायांवरून काढलेला भाभ्रम स्पष्ट नाकारला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख सांगतो. म्हणजे हा नकार खानदेशात शिकवला जाण्याची सोयही झाली होती.