शाळेचा दरवाजा आणि घराचा उंबरा : घरशिक्षणाचा विचार करणाऱ्या आपल्या माणसांसाठी

गेल्या जूनमध्ये आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुटल्यावर एक जोडपे थांबले. दोघेही पदवीधर, दोघेही चळवळीतले. मुलगी पाचवीत. वर्गात शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना बाईंनी 'शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहा' असे सांगितले आणि बाकीची पोरे हसली. मुलीने दोन दिवस जेवण घेतले नाही. वडील म्हणाले, "दादा, काढून टाकतो पोरीला. घरीच शिकवतो. हल्ली मोठ्या शहरातले लोक शिकवतातच ना? नियम काय आहेत तेवढे सांगा."

नियम आम्ही सांगितले. पण नियमांच्या आधी इतिहास सांगावा लागला. कारण हा प्रश्न एका मुलीचा नाही. आज आपल्या शिकलेल्या तरुण पालकांमध्ये 'होमस्कूलिंग' हा शब्द फिरू लागला आहे. त्यांच्या मनातली चीड खरी आहे. प्रश्न एवढाच आहे की, या चिडीतून आपण शाळेचा दरवाजा आपल्याच हाताने लावून घेणार आहोत का?

घरी कोण शिकत होते?

घरी शिकणे ही या देशात नवी गोष्ट नाही. इंग्रजी अंमलाआधी शिक्षण मुख्यतः घरात, वाड्यात, देवळाच्या ओवरीत आणि पंतोजींच्या खासगी शाळेतच होते. बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे विद्या जात होती, ती जातीच्या कुंपणाच्या आत राहूनच. तिथे महार-मांगाच्या मुलाला 'मलाही शिकवा' असे म्हणण्याची सोयच नव्हती. दुसऱ्याच्या घरात हक्क मागता येत नाही. हक्क मागायला सार्वजनिक जागा लागते.

ती जागा सरकारी शाळेच्या रूपाने तयार झाली आणि लगेच संघर्ष उभा राहिला. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी ही शाळा बाकी सगळ्यांना निरुपयोगी होईल, अशा आशयाचे कारण दिले. पण प्रकरण वरपर्यंत गेले आणि १८५८ साली सरकारला जाहीर करावे लागले की, पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. कागदावरचा हा नियम गावात उतरायला पुढची कित्येक दशके लागली, हे खरे. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावात पाणवठे आणि धर्मशाळांबरोबर सार्वजनिक शाळांचाही उल्लेख करावा लागला, यावरूनच कळते की पासष्ट वर्षांनंतरही दरवाजा पुरता उघडला नव्हता. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे १९२८ साली जे निवेदन ठेवले, त्यात धारवाडचे हे प्रकरण मुद्दाम मांडले. एका मुलाचा अर्ज बहात्तर वर्षांनी आपल्या हक्काचा पुरावा झाला. तो मुलगा घरी बसला असता तर हा पुरावा कुठून आला असता?

आपल्या घरांनी काय केले?

इथे कोणी म्हणेल, सावित्रीमाई तर घरीच शिकल्या! बरोबर आहे. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले. पण गोष्ट तिथे संपत नाही. घरी अक्षरओळख झाल्यावर सावित्रीमाईंनी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उभी राहिली. त्या घरातले शिक्षण शाळा उघडण्यासाठी होते. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आमच्या मते मुक्ताला लेखणी शाळेने दिलीच, पण आपले दुःख चारचौघांत मांडण्याचे धाडसही त्याच जागेने दिले.

जोतीराव पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे गेले. तिथे त्यांनी काय मागितले? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, बहुजनांच्या करातून जमणारा पैसा बहुजनांच्या शिक्षणावर खर्च करा. ज्याने बायकोला घरी शिकवून दाखवले, त्यानेच सार्वजनिक आणि सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली. प्रत्येक घरात जोतीराव नसतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

दुसरे घर रामजी सुभेदारांचे. लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेल्या या बापाने भीमरावांचा अभ्यास घरी घेतला. परळच्या चाळीतल्या एका खोलीत पोराला लवकर झोपवून रात्री दोन वाजता उठवणारा हा बाप होता. घरशिक्षण म्हणतात ते यापेक्षा वेगळे काय असते? पण याच रामजींनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत मुलाचे नाव दाखल केले. हाच दिवस महाराष्ट्रात आज विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्यात शिकताना बसायला घरून नेलेले गोणपाट होते आणि शिपाई असेल तरच पाणी मिळत होते. तरीही रामजींनी नाव काढले नाही. हा अपमान सहन करण्याचा उपदेश नाही. आज आपल्या हातात कायदा आहे, रामजींच्या हातात तोही नव्हता. तरी त्यांनी घर आणि शाळा या दोन्ही आघाड्या सोडल्या नाहीत, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

आणि ज्यांच्या घरात रामजी नव्हते त्यांचे काय? त्यांच्यासाठी चळवळीने दुसरे घर बांधले. कोल्हापुरात १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. एका खोलीत सात-आठ माणसे, दिव्याला तेल नाही, अशा घरात अभ्यास होत नव्हता म्हणून वसतिगृहे काढावी लागली. घराला शाळा करण्याची ऐपत बहुतेकांकडे नव्हती. आजही ती किती घरांत आहे?

सक्ती कशासाठी आली?

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो राज्यभर नेला. राजर्षी शाहूंनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. म्हणजे नुसते शिकवून भागणार नाही, एकत्र बसवूनच शिकवले पाहिजे, हे महाराजांनी ओळखले होते. बंधुता पुस्तकात वाचून येत नाही. ती एका बाकावर बसून येते.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी आकडा मांडला होता : प्राथमिक शाळेत जाणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत घालणे पुरेसे नाही, टिकवणे ही सरकारची जबाबदारी आहे, हा त्यातला मुद्दा.

संविधान सभेत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी या विषयावर चर्चा झाली. सक्तीचे शिक्षण प्राथमिक टप्प्यापुरतेच ठेवावे, अशी एक सूचना होती. बाबासाहेबांनी ती मानली नाही. त्यांचा मुद्दा असा : चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायला आपण मनाई करतो आहोत, मग त्या वयापर्यंत ते मूल एखाद्या शिक्षणसंस्थेत असले पाहिजे. शाळेबाहेरचे मूल म्हणजे कामावरचे मूल, हे त्यांनी ओळखले होते. २०१६ साली बालमजुरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करायला मुलांना मुभा मिळाली. आता विचार करा, ज्या मुलाला शाळाच नाही, त्याची 'शाळेची वेळ' कोण ठरवणार?

आता नियम

२००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. कलम २१ क नुसार ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क झाले आणि कलम ५१ क मध्ये पालकांचे कर्तव्य लिहिले गेले. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला या कायद्यात शिक्षा नाही. घरून शिक्षण घेण्याचा पर्याय कायद्याने स्पष्ट शब्दांत दिला तो २०१२ च्या दुरुस्तीत, बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांसाठी. बाकी मुलांच्या घरशिक्षणासाठी कायद्यात ना परवान्याची पद्धत आहे, ना तपासणीची. म्हणजे शहरातले जे पालक घरी शिकवतात ते या मोकळ्या जागेत शिकवतात. ही मोकळी जागा ज्याच्याकडे पैसा, पुस्तके आणि वेळ आहे त्याला सोयीची असते. ज्याच्याकडे यातले काही नाही, त्याच्या पोराची गळती तिथे कोणालाच दिसत नाही.

तरीही एखाद्या घराने हा निर्णय घेतलाच, तर जबाबदारी पुढीलप्रमाणे.

पहिली, कागद. शाळा सोडल्याचा दाखला घ्या. नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद तपासा. आपल्याकडे जातीचा दाखला आणि पडताळणी यांत शाळेच्या नोंदींना मोठे महत्त्व आहे. आजोबांच्या आणि वडिलांच्या दाखल्यासाठी जुन्या शाळांचे उंबरे झिजवणारी माणसे आम्ही रोज पाहतो. नातवंडांच्या वेळी तो कागदच नसेल तर?

दुसरी, परीक्षा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष अभ्यासक्रम आहेत आणि पुढे दहावी-बारावीही आहे. राज्य मंडळाची दहावी-बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या देता येते. तारखा आणि अटी दर वर्षी स्वतः पाहा, कोणा एजंटावर सोडू नका. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात.

तिसरी, परतीचा रस्ता. कलम ४ नुसार शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळते. हा हक्क मुलाचा आहे, पालकाचा रुसवा त्याच्या आड येता कामा नये. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कोणी आले तर खरी माहिती द्या.

चौथी, हिशेब. शाळेमार्फत मिळणारी शिष्यवृत्ती, पोषण आहार आणि मोफत पाठ्यपुस्तके जातील. आणि शिकवणार कोण? बहुतेक घरांत उत्तर 'आई' असेच येते. मग त्या आईची नोकरी, तिचे पुढचे शिक्षण यांचे काय? सावित्रीमाईंचे नाव घेऊन एका बाईला पुन्हा घरात कोंडणार असू, तर ते नाव घेऊ नये.

लढायचे कुठे?

एक हिशेब सगळ्या समाजाचा आहे. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या सरकारी शाळा 'समूह शाळे'त विलीन करण्याचा घाट २०२३ साली याच राज्यात घातला गेला. आपण एकेक मूल काढत गेलो तर पट कमी होईल, आणि कमी पट हेच उद्या शाळा बंद करण्याचे कारण होईल. ज्या मजुराला घरी शिकवणे जमणारच नाही त्याच्या पोराची शाळा आपल्यामुळे जाईल. हे पाप कोणाच्या माथी?

अपमानाविरुद्ध हत्यारे आहेत. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे आणि बालहक्क आयोगाकडे करता येते. अपमान जातीवरून झाला असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. आपल्यातले किती जण या समितीच्या बैठकीला जातात? जयंतीच्या वर्गणीला जितकी धावपळ करतो तिच्या निम्मी तरी इथे करतो का?

त्या जोडप्याला आम्ही हेच सांगितले. निर्णय त्यांचा होता. आठ दिवसांनी वडिलांनी लेखी तक्रार दिली, आम्ही सोबत गेलो. मुख्याध्यापकांनी आधी टाळाटाळ केली, मग शिष्यवृत्तीचे अर्ज थेट पालकांकडे देण्याचे मान्य केले. बाई अजून त्याच वर्गावर आहेत, मुलगी अजून त्याच वर्गात आहे. सगळे ठीक झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण आता वडील समितीवर जाण्याच्या तयारीला लागले आहेत. आई दररोज तासभर मुलीचा अभ्यास घेते आणि संध्याकाळी मुलगी विहारातल्या वर्गाला येते.

घर शिकवू दे, विहार शिकवू दे, वस्ती शिकवू दे. पण सकाळी त्या पोरीने दप्तर घेऊन शाळेच्या दरवाजातून आत जायचे आहे. तो दरवाजा आपल्याला कोणी दान दिलेला नाही. धारवाडच्या एका मुलाने तो १८५६ साली ठोठावला होता.

जयभीम!