लंडनच्या ‘सिटी’तील व्यावसायिक पोशाख आणि हिवाळा

एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या व्यापारी वर्गाच्या पोशाखाचे कारण तेथील थंडीत शोधण्याची प्रथा आहे. हे कारण अपुरे होय. लंडनचा हिवाळा कडाक्याचा नसून ओला आहे. पारा शून्याखाली फार काळ क्वचितच राहतो. खरा उपद्रव रिमझिम पाऊस व धुके यांचा, आणि घरोघरी कोळसा जळत होता तोवर काजळीचाही होता. बँका, विमा कंपन्या व शेअरबाजार ‘सिटी’ या सुमारे एक चौरस मैलाच्या भागात दाटलेले असल्याने एका कचेरीतून दुसरीत बहुधा पायीच जावे लागे. पोशाखाने सोडवावयाचा प्रश्न केवळ उबेचा नव्हता. चिखलातून व धुरातून चालत आलेला गृहस्थ समोरच्याच्या दालनात जणू चाललाच नाही असा दिसावा, हा तो प्रश्न होता.

काळा रंग काजळी लपविण्यासाठी आला, असेही सांगितले जाते. परंतु लंडनइतका धूर नसलेल्या युरोपीय शहरांतही पुरुषांच्या पोशाखात काळा रंग याच शतकात रूढ झाला. धुराने तो आणला नाही, फार तर त्याला टिकविले. उलट पांढरी ताठ कॉलर ही काजळीला दिलेले आव्हानच होती. ती स्वच्छ असणे याचा अर्थ ती त्याच दिवशी बदललेली असणे.

पावसाचा बंदोबस्त ही मात्र शुद्ध तंत्राची गोष्ट. ग्लासगोचे रसायनज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवून त्याचा थर दोन कापडांमध्ये बसविण्याची ही युक्ती होती. हे डांबर गॅसच्या कारखान्यांतील टाकाऊ द्रव्य; म्हणजे ज्या कोळशाने शहर काळवंडले त्यानेच त्याला पावसाळी कोट पुरविला. पण हा कोट थंडीत कडक होई, उबेत चिकटे, आणि त्याला उग्र वास येई. रबराच्या व्हल्कनीकरणाने पहिले दोन दोष बरेच कमी झाले. वास सहजासहजी गेला नाही. असा कोट गाडीवानाला चालत असे, कर्जाची बोलणी करावयास आलेल्या गृहस्थाला नव्हे. तो मखमली कॉलरचा, लोकरी चेस्टरफील्ड घाली आणि पावसाचा भार छत्रीवर टाकी. टॉमस बर्बरी यांचे गॅबर्डिन (पेटंट १८८८) विणण्यापूर्वीच सूत जलरोधक करून तयार होई. पावसाळी कोट सभ्य मानला जाऊ लागला तो अशा कापडांमुळे.

छत्रीची प्रतिष्ठा प्रारंभी संशयास्पदच होती, कारण छत्री बाळगणे म्हणजे स्वतःची घोडागाडी नसल्याची कबुली. सॅम्युएल फॉक्स यांच्या पोलादी काड्यांनी (१८५२) ती हलकी व सडपातळ झाली. ती आवश्यकही होती, कारण रेशमी उंच हॅटची लव भिजली की बिघडते. मोहनदास गांधी १८८८ च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडात उतरले ते पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये. तसे कपडे घातलेले आपण एकटेच, हे पाहून ते ओशाळले. त्याच संध्याकाळी भेटीस आलेल्या डॉ. प्राणजीवन मेहतांच्या हॅटवरून त्यांनी उलटा हात फिरविला आणि लव विस्कटली. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, हा युरोपीय शिष्टाचाराचा पहिला धडा तेव्हा मिळाल्याचे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे त्यांनी एकोणीस शिलिंगांची उंच हॅट व बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट घेतला. लंडनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नव्हती.

हाच ताण कारकुनाच्या वाट्याला रोजचा होता. त्याचे वेतन तुटपुंजे, पण पोशाख मालकाच्या घडणीचाच हवा. सुटी होणारी कॉलर, जी प्रथम १८२० च्या दशकात अमेरिकेतील ट्रॉय येथे प्रचारात आली, तिच्यामुळे सदरा तोच ठेवून गळा तेवढा रोज नवा करता येई. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘हॉवर्ड्‌स एंड’ (१९१०) कादंबरीत विमा कंपनीतील कारकून लेनर्ड बास्ट याची छत्री संगीतसभेतून एक सुखवस्तू तरुणी चुकून घेऊन जाते. तिला ती क्षुल्लक बाब वाटते. त्याचे मात्र पुढच्या संगीतात लक्ष राहत नाही. या पोशाखाचा आर्थिक इतिहास कोणी लिहील तर त्याने हिशेबाच्या वह्यांइतकेच या प्रसंगाकडेही पाहावे.

बोलर हॅटचा प्रवास उलट दिशेचा. १८४९ मध्ये लॉक या दुकानाने ती एडवर्ड कोक यांच्यासाठी करविली, ती शिकारीच्या रानातील रखवालदारांच्या डोक्याला फांद्या लागू नयेत म्हणून. विसाव्या शतकात तीच सिटीची खूण ठरली.

डिसेंबर १९५२ मधील पाच दिवसांच्या विषारी धुक्याने प्रथम अंदाजे चार हजार बळी घेतल्याचे मानले गेले. नंतरच्या अभ्यासांनी ही संख्या बारा हजारांपर्यंत नेली. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर काजळी हळूहळू ओसरली. पुढील दोन-तीन दशकांत बोलरही रस्त्यावरून दिसेनाशी झाली. बँक ऑफ इंग्लंडमध्ये भेटीस जाणारे डिस्काउंट हाउसांचे प्रतिनिधी मात्र धूर गेल्यावरही कित्येक वर्षे रेशमी उंच हॅट घालूनच जात होते.