वैमानिकभरती : प्रादेशिक विमानसेवांतील

लहान शहरे महानगरांशी जोडणाऱ्या, साधारणपणे १९ ते ८० आसनांची विमाने चालवणाऱ्या कंपन्यांनी वैमानिक निवडणे, त्यांना त्या विशिष्ट विमानासाठी तयार करणे आणि रोजच्या उड्डाणांना पुरतील एवढे वैमानिक सेवेत टिकवून ठेवणे, असा या विषयाचा आवाका आहे. मराठवाड्यात त्याचा थेट संबंध येतो तो नांदेडच्या श्री गुरू गोबिंद सिंघजी विमानतळाशी. भोकर, मुदखेड, हदगाव, किनवट या भागांतल्या प्रवाशाला हाच विमानतळ जवळचा. तिथून विमान उडणार की नाही, याची चर्चा धावपट्टी, परवाने आणि अनुदान यांभोवती फिरत राहते. विमान चालवणारी माणसे कंपनीकडे पुरेशी आहेत का, हे कोणी फारसे विचारत नाही. सेवा टिकणे मात्र त्यावरही तितकेच अवलंबून असते.

नांदेडचा अनुभव. गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त २००८ मध्ये नांदेडचा विमानतळ नव्याने सजला. किंगफिशरची विमाने काही काळ आली आणि थांबली. ती कंपनीच २०१२ मध्ये बंद पडली. पुढे केंद्र सरकारच्या प्रादेशिक विमानसेवेसाठीच्या ‘उडान’ योजनेत २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून पहिल्या उड्डाणांना हिरवा कंदील दाखवला. त्यांत सिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबादबरोबर नांदेड–हैदराबाद ही सेवाही होती. ती चालवणारी ट्रूजेट ही हैदराबादची कंपनी, विमान एटीआर-७२. डिसेंबर २०१७ मध्ये एअर इंडियाने अमृतसरची सेवा सुरू केली आणि नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या यात्रेकरूंची मोठी सोय झाली. ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. कंपनी पैशाच्या अडचणीत होती, पगार रखडले होते आणि कर्मचारी सोडून जात होते. मार्च २०२४ अखेर स्टार एअर आली. जयसिंगपूरच्या संजय घोडावत समूहाची ही कंपनी २०१९ पासून उड्डाणे करते. तिच्याकडे ५० आसनांची एम्ब्रेयर-१४५ आणि ७६ आसनांची एम्ब्रेयर-१७५ विमाने आहेत. शेजारच्या लातूरला धावपट्टी असूनही नियमित प्रवासी सेवा रुजली नाही.

मनुष्यबळाचे गणित. १९ आसनांच्या बीचक्राफ्टला दोन वैमानिक लागतात, ७० आसनांच्या एटीआरला दोन आणि १८० आसनांच्या एअरबसलाही दोनच. म्हणजे विमान जितके लहान, तितका वैमानिकाच्या पगाराचा बोजा प्रत्येक तिकिटावर जास्त. ‘उडान’मध्ये तासाभराच्या प्रवासासाठी निम्म्या आसनांचे भाडे सुरुवातीला २,५०० रुपयांवर बांधलेले होते. तूट भरून काढणारे अनुदान तीन वर्षांपुरते होते. कॅप्टनचा पगार मात्र बाजारभावाने द्यावा लागतो, आणि तो भाव मोठ्या कंपन्या ठरवतात. २०१७ च्या डिसेंबरमध्ये बीचक्राफ्ट विमानांनी सुरू झालेली एअर डेक्कनची मुंबई–जळगाव सेवा अनियमित होत गेली आणि पुढे कंपनीने कामकाजच थांबवले. इतक्या लहान विमानावर आपल्याकडे धंदा उभा राहणे किती कठीण आहे, हे त्यातून दिसले.

एका विमानाला वैमानिकांची एकच जोडी पुरत नाही. वैमानिकाने दिवसाला सर्वसाधारणपणे ८, आठवड्याला ३५ आणि वर्षाला १,००० तासांपेक्षा जास्त उड्डाण करायचे नाही, अशी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मर्यादा आहे. विमान रोज १० तास उडाले तर वर्षाचे ३,६५० तास होतात. नुसत्या वार्षिक मर्यादेनेच चार जोड्या लागतात. रजा, आजारपण, सिम्युलेटरवरची ठरावीक मुदतीची परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी धरली की हा आकडा वाढतो. प्रादेशिक सेवेत सेक्टर, म्हणजे दोन विमानतळांमधले टप्पे, आखूड असतात. एका ड्युटीत चार-चार वेळा उतरायचे आणि चढायचे, त्यामुळे उड्डाणाचे तास भरण्याआधीच ड्युटीची मर्यादा गाठली जाते. मोठ्या कंपनीत एक कॅप्टन आजारी पडला तर राखीव यादीतला दुसरा येतो. चार-पाच विमानांच्या कंपनीकडे राखीव माणूस मोजकाच. तोही कामाला लागलेला असेल तर त्या दिवशीची फेरी रद्द होते, आणि भोकरहून पहाटे निघालेल्या माणसाला विमानतळावरून परत फिरून नंदिग्राम एक्सप्रेस गाठावी लागते.

भरतीची रीत. सहवैमानिकासाठी व्यावसायिक वैमानिक परवाना (सीपीएल) लागतो. त्यासाठी किमान वय १८, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, डीजीसीएच्या लेखी परीक्षा, रेडिओ-संभाषणाचा परवाना, प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि २०० तासांचे उड्डाण हवे. त्यानंतर त्या-त्या विमानाचे टाइप रेटिंग. एटीआर चालवणाऱ्याला एम्ब्रेयरवर बसवायचे तर नवे प्रशिक्षण द्यावे लागते. ते महाग असते, म्हणून काही ठिकाणी खर्च उमेदवारावर टाकला जातो, तर काही ठिकाणी कंपनी खर्च करून काही वर्षांचा बाँड लिहून घेते. कर्ज काढून शिकलेल्या मुलासाठी ही दुहेरी अडवणूक आहे, असे या नोंदकर्त्याचे स्पष्ट मत आहे. टाइप रेटिंगचा खर्च कंपनीनेच उचलावा आणि बाँड त्या खर्चाच्या प्रमाणात, दरवर्षी घटत जाणारा असावा.

सीपीएलधारक देशात कमी नाहीत. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ परवाने दिले, आणि हातात परवाना असून नोकरीची वाट पाहणारे तरुण दरवर्षी असतात. खरा तुटवडा कॅप्टनांचा आहे. कॅप्टन व्हायला एटीपीएल हा वरचा परवाना लागतो आणि त्यासाठी १,५०० तास. ते तास कोणत्याही शिकवणीत विकत मिळत नाहीत. ते नोकरीत बसूनच भरतात. त्यामुळे लहान कंपन्या निवृत्त हवाई दलाचे वैमानिक घेतात, बंद पडलेल्या कंपन्यांतली माणसे उचलतात किंवा तात्पुरत्या परवानगीवर परदेशी कॅप्टन आणतात.

अमेरिकेतली गोष्ट वेगळी आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळून ५० जण दगावले. चौकशीत वैमानिकांचे प्रशिक्षण, थकवा आणि तुटपुंजा पगार यांवर प्रकाश पडला. त्यानंतर २०१३ पासून तिथे सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट आली. आपल्याकडे २०० तासांचा नवखा मुलगा टाइप रेटिंग करून थेट एअरबसच्या उजव्या आसनावर बसू शकतो. म्हणून प्रादेशिक सेवा ही इथे सक्तीची पायरी नाही.

सोडून जाणे. इंडिगोने डिसेंबर २०१७ मध्ये स्वतःच एटीआर विमाने चालवायला घेतली, तेव्हा छोट्या कंपन्यांच्या एटीआर वैमानिकांना वाढीव पगाराचे दार शेजारीच उघडले. त्याच वर्षी डीजीसीएने राजीनाम्यानंतर कॅप्टनने एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने काम करावे, असा नियम केला. वैमानिक संघटनांना तो जाचक वाटतो. कंपन्यांनाही तो प्रत्यक्षात पाळून घेता येत नाही : २०२३ मध्ये ४३ वैमानिक मुदत न पाळता निघून गेल्याने मुंबईची आकासा एअर न्यायालयात गेली होती. मुदत सक्तीची केली की माणूस अडकतो. थांबावेसे त्याला वाटतेच असे नाही. लहान कंपनीकडे देण्यासारखे वेगळे आहे. तिथे कॅप्टनपद लवकर मिळू शकते, उतरण्या-चढण्याचा सराव भरपूर होतो, रात्री बहुधा घरी झोपता येते. पगार वेळेवर मिळत असेल तर यावर माणसे टिकतात.

विश्रांतीचे नवे नियम. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर आणणारे आणि रात्रीच्या उतरण्यांवर बंधन घालणारे सुधारित नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातली सर्वांत मोठी कंपनी इंडिगो त्यांत कोलमडली; ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि तिला नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. दोष नियमांचा नव्हता. मनुष्यबळाची तजवीज वेळेत केली नाही, तर शेकडो विमाने असलेली कंपनीही अडते. लहान कंपन्यांच्या वेळापत्रकाला मंजुरी देताना वैमानिकांच्या जोड्यांची संख्या तपासली जावी आणि विमानतळाच्या बातम्यांत तीही छापून यावी.

प्रशिक्षणाच्या जागा. महाराष्ट्रात जुहूला १९२८ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब (आता उड्डाणाचे प्रशिक्षण धुळ्याला), गोंदियाजवळ बिरसीची राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था, बारामती आणि नागपूर फ्लाइंग क्लब ही परिचित ठिकाणे. अमरावतीला एअर इंडियाची मोठी प्रशिक्षण संस्था जाहीर झाली आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी ‘महाज्योती’ने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. एरवी हा खर्च ५० लाखांच्या पुढे जातो. नांदेड-लातूरच्या शिकवण्यांतून बारावी विज्ञान शाखेची हजारो मुले दरवर्षी बाहेर पडतात. गणित घेतलेल्यांपैकी ज्यांना या वाटेने जायचे असेल, त्यांनी कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी डीजीसीएमान्य डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी, विशेषतः रंगदृष्टीची, करून घ्यावी.