मंडालेच्या शिळांवरचा मिलिंद

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नागसेनवन आहे आणि त्यात मिलिंद महाविद्यालय. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या या शिक्षणकेंद्राची नावे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातली: ग्रीक राजा मिलिंद विचारतो, भिक्खू नागसेन उत्तर देतो.

या ग्रंथाच्या ‘शोधा’चे श्रेय बहुधा युरोपला दिले जाते. डॅनिश पंडित ट्रेंकनर यांनी १८८० मध्ये रोमन लिपीत संहिता छापली. पुढच्याच वर्षी ऱ्हीस डेव्हिड्स यांनी लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी काढली. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही त्यांचेच. कामे मोठी, यात वाद नाही. पण ‘शोध’ हा शब्द मला खटकतो. ब्रह्मदेशात ग्रंथ हरवलाच कुठे होता? सिंहली परंपरा त्याला त्रिपिटकाबाहेर ठेवते. ब्रह्मी परंपरा मात्र खुद्दकनिकायात, म्हणजे थेट त्रिपिटकातच घेते. मिंडॉन राजाने मंडालेला ७२९ संगमरवरी शिळांवर त्रिपिटक कोरवले, तेही १८६८ पर्यंत.

१९१० मध्ये फर्निव्हॉल या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुढाकाराने रंगूनला बर्मा रिसर्च सोसायटी निघाली. तिच्यातले ब्रह्मी पंडित पे माँग टिन यांनी ‘विसुद्धिमग्ग’ इंग्रजीत आणला, पण छापला लंडनच्या सोसायटीने. सिलोन-ब्रह्मदेशातल्या विहारांत राहून आलेल्या आपल्या धर्मानंद कोसंबींनी १९४० मध्ये त्याची नागरी आवृत्ती काढली.

डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा तिथे सहावी संगीती चालू होती. तिने छापलेल्या त्रिपिटकातही मिलिंद आहे.