पेण आणि रोहा-अष्टमी : दोन नगरपालिकांचा रोजचा कारभार

पेण आणि रोहा-अष्टमी या दोन्ही गावांच्या नगरपालिका १८६०च्या दशकातल्या. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये आणि त्याचे नाव रायगड झाले १९८१ मध्ये, त्यामुळे ज्या जिल्ह्यात त्या आज मोडतात त्याच्याहूनही या संस्था जुन्या आहेत. रहिवाशांच्या अर्जावरून नगरपालिका स्थापण्याची सोय कंपनी सरकारच्या १८५० सालच्या कायद्याने झाली होती. पनवेलने तिचा लाभ १८५२ मध्येच घेतला. पेण, रोहा, महाड, अलिबाग ही गावे त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत याच वाटेने गेली.

या गावांना नगरपालिका मिळाली ती व्यापारामुळे. पेणजवळ भोगावतीच्या खाडीवर अंतोरे बंदर होते. खारेपाटातले मीठ आणि भात तिथून मुंबईला जाई, तर बोरघाट उतरून आलेला घाटावरचा माल खोपोलीच्या रस्त्याने पेणेत येई. रोह्याला कुंडलिकेची भरती होती. १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकासाठी रायगडाकडे निघालेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलहून होडीने थेट अष्टमीपर्यंत आला आणि तिथून पुढे खुष्कीच्या मार्गाने गेला. नदीच्या एका काठावर रोहे आणि दुसऱ्या काठावर अष्टमी, दोहोंची नगरपालिका मात्र एकच. गटार, दिवे, पाण्याची नळी यांचा कोणताही प्रश्न आला की तो दोन काठांवर वाटून घ्यावा लागतो. संस्थेच्या अधिकृत नावात आजही ही दोन्ही गावे आहेत.

सार्वजनिक कामासाठी सगळ्यांकडून वाटा गोळा करण्याची रीत या भागाला नगरपालिकेच्या आधीपासून ठाऊक होती. पेणच्या खारेपाटात समुद्राचे पाणी अडवून शेती केली जाई. बाहेरचा मोठा बांध सांभाळण्याची जबाबदारी शिलोत्रदाराची असे आणि त्यासाठी तो कुळांकडून बिघ्यामागे ठरावीक भात घेई. बांध फुटला तर सगळ्यांचेच शेत खारे होणार, म्हणून वाटा देण्यात कुचराई होत नसे. घरपट्टीची गोष्ट वेगळी होती. तुंबलेले गटार शेजारच्या आळीत असले तर आपल्या घराला त्याची झळ लगेच लागत नाही. म्हणून पट्टी हा पहिल्या दिवसापासून कुरकुरीचा विषय ठरला.

सुरुवातीच्या नगरपालिकेला लोकांची संस्था म्हणणे कठीण आहे. १८७३च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याखाली अध्यक्षपद कलेक्टरकडे असे आणि लहान गावांतले सभासद सरकार नेमी. व्यापारी, वकील, इनामदार, पेन्शनर अशी मंडळी त्यांत असत आणि कारभारावर मामलेदाराची छाप असे. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपनने आपला ठराव प्रसिद्ध केला. कारभार थोडा बिघडला तरी चालेल, पण लोकांना तो हाताळायला मिळाला पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. त्याला अनुसरून १८८४ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि निम्म्या जागा निवडणुकीने भरायचे ठरले. मत मात्र कर भरणाऱ्याला, तेही ठरावीक रकमेपुढे. घर भाड्याचे, नाव मालकाचे आणि गटाराचा वास भाडेकरूला, अशी स्थिती असलेल्या बहुतेकांना पुढची साठेक वर्षे मतदानाचा हक्क नव्हता. त्यांच्या हाती उरला तो अर्ज.

उत्पन्नाची मुख्य साधने दोन, घरपट्टी आणि जकात. त्यांच्या जोडीला दिवाबत्ती, पाणीपट्टी, संडास सफाईसाठी घेतली जाणारी हलालखोर पट्टी, बाजार बैठकीची फी आणि कोंडवाड्याचा दंड. जकातनाका हे नगरपालिकेचे सर्वांत ठळक रूप होते. गावाच्या वेशीवर आडवा बांबू, बाजूला कौलारू चौकी आणि आत कारकून. गाडी थांबली की मालाची यादी सांगायची, कारकुनाने पोती मोजायची, दरपत्रक बघून रक्कम लावायची आणि पावती फाडायची. माल गावात न उतरवता पुढे न्यायचा असेल तर दुसऱ्या वेशीवर तसे दाखवून भरलेली रक्कम परत मिळवता येई. या परताव्यावरून नाक्यावर जितके वाद होत तितके जकातीवरूनही होत नसत. तरीही लहान नगरपालिकेला जकातीचा आधार मोठा होता, कारण हा पैसा रोज येई. घरपट्टी वर्षातून एकदा, तीही मागणीपत्र, नोटीस आणि जप्तीचा इशारा झाल्यावर.

खर्चाचे रकानेही ठरलेले. रस्त्यावर खडी आणि मुरूम, कंदिलांसाठी रॉकेल, तळी व विहिरी उपसणे, देवी टोचणे, दवाखान्याला मदत, प्राथमिक शाळा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा रोजची ये-जा असलेल्या बंदरगावांत त्याचा धोका फार मोठा होता. घरे धुऊन काढणे, तपासणी, अलगीकरण या कामांचा भार स्थानिक संस्थांवर पडला आणि आरोग्य हा विषय सभेच्या कामकाजात कायमचा वर आला.

सफाईचा सगळा भार टोपलीच्या संडासांवर आणि ते साफ करणाऱ्या मोजक्या कुटुंबांवर होता. ही माणसे नगरपालिकेची सर्वांत जुनी नोकर होती आणि सर्वांत उपेक्षितही. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने त्यांच्या राहणीची पाहणी मांडली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत सोप्या, मैला हाताळावा लागणार नाही अशा संडासांचे प्रयोग केले. टोपलीचे संडास सरसकट बेकायदा ठरायला १९९३ साल उजाडावे लागले. घरपट्टीच्या पावतीवर जी रक्कम शंभर वर्षे सफाईच्या नावाने घेतली गेली, तिच्यातून ते काम करणाऱ्यांचे जगणे सुधारले नाही, हा या संस्थांच्या इतिहासातला सर्वांत मोठा दोष मानावा लागेल.

कामकाजाची पद्धत मात्र लवकर पक्की झाली आणि फारशी बदललेली नाही. सभेची नोटीस, तिच्यासोबत विषयपत्रिका. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग आलेले टपाल, जमाखर्च, कामांची अंदाजपत्रके, निविदा, अर्ज आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे. एखाद्याला मान्य नसेल तर विरोध नोंदवण्याची मागणी तो करतो, कारण पुढे वाद झाला तर इतिवृत्तात काय लिहिले आहे हेच पाहिले जाते. सभेत कोण किती मोठ्याने बोलले याला तिथे किंमत नसते.

अशा एका ठरावाची ताकद याच जिल्ह्यातल्या महाडने देशाला दाखवली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचा प्रभाव असलेल्या महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर ते झाले, पण तळ्यावर जाण्याची हिंमत तीन वर्षे कोणाला झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्यायले. त्यानंतर हल्ले झाले, शुद्धीकरण झाले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये प्रकरण न्यायालयात गेले. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट पुरातन आहे, असा सवर्ण वादींचा दावा होता. तळे नगरपालिकेचे की आसपासच्या घरमालकांचे, हा एरवी मोजणीच्या नकाशावर आणि दुरुस्तीच्या खर्चावर सुटणारा प्रश्न माणुसकीच्या लढ्याचा कायदेशीर गाभा बनला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वादींचा दावा फेटाळला. दप्तरातल्या नोंदींना रुक्ष म्हणून बाजूला सारणाऱ्याने हे दहा वर्षांचे प्रकरण जरूर वाचावे.

कायद्याची चौकट पुढे दोनदा बदलली. १९०१ च्या कायद्याने आवश्यक आणि ऐच्छिक कर्तव्ये वेगळी केली. १९२५ मध्ये मोठ्या शहरांसाठी बरो कायदा आला, तरी लहान गावे १९०१ च्याच कायद्याखाली राहिली. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदान आले. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातले वेगवेगळे कायदे मोडून राज्याने १९६५ चा एकच नगरपालिका कायदा केला आणि तो १९६७ पासून अमलात आला. त्याने मुख्याधिकारी हे पद बळकट केले. हा अधिकारी राज्य सरकारचा, बदलीवर येणारा आणि बदलीवर जाणारा. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हावी असे कायदा सांगतो. त्याच कायद्याचे ३०८ वे कलम जिल्हाधिकाऱ्याला सभेचा ठराव स्थगित करण्याचा अधिकार देते. सभेत हरलेली बाजू आजही सर्वांत आधी याच कलमाचा आधार घेते. १८७३ मध्ये खुर्चीवर बसलेला कलेक्टर अशा रीतीने कायद्याच्या मागच्या दाराने कायम राहिला.

जकात गेली तेव्हा झालेला बदल याहून खोल होता. राज्याने १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात रद्द करून तिच्या जागी सहायक अनुदान सुरू केले. नाक्यावरचा खोळंबा आणि गैरव्यवहार संपला हे खरेच. पण गावातली उलाढाल वाढली की नगरपालिकेचे उत्पन्न आपोआप वाढण्याची सोयही संपली. पगार अनुदानावर आणि रस्ते शासनाच्या योजनेतून होऊ लागले. काम कशाला हवे याची चर्चा कमी आणि निधी कोणी आणला याची जास्त, हे चित्र त्यानंतरचे आहे. रहिवाशाने नगरसेवकाला जाब विचारायचा आणि नगरसेवकाने मंत्रालयाकडे बोट दाखवायचे, अशी साखळी तयार झाली.

घरपट्टी तेवढी पूर्ण स्थानिक राहिली. घराचे वर्षाचे भाडे किती येऊ शकेल हे धरून, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढण्याची पद्धत चालत आली आहे. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. तिच्या नोटिसा वाटल्या की गावात अस्वस्थता पसरते. हरकती घेण्यासाठी मुदत असते. वृद्ध घरमालक जुनी पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून येतो, पोटमाळा मोजणीत धरला कसा म्हणून विचारतो आणि मोजणी करणारा पुन्हा एकदा टेप लावतो. नगरपालिका आणि नागरिक खऱ्या अर्थाने समोरासमोर येतात ते या सुनावणीत.

तक्रारींचे विषय तेच राहिले तरी त्यांच्या मागची कारणे बदलली. पाण्याचे उदाहरण बोलके आहे. पेणच्या वरच्या अंगाला हेटवणे धरण झाले आणि त्याचे पाणी सिडकोच्या वाहिनीने नवी मुंबईला पोहोचले. त्याच पेण तालुक्यातल्या खारेपाटाला मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. रोह्याला कुंडलिका बारमाही मिळाली ती टाटांच्या भिरा येथील १९२७ च्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे, आणि त्याच पाण्याच्या भरवशावर धाटावची औद्योगिक वसाहत वाढली. कारखान्यांबरोबर रोजगार आला, तसे नदीच्या पाण्याबद्दलचे अर्जही आले. धरण, नदी आणि वसाहत यांपैकी काहीच नगरपालिकेच्या अखत्यारीत नाही. नळाला गढूळ पाणी आले की लोक जातात ते मात्र नगरपालिकेतच.

पेणेत याला गणपतीच्या कारखान्यांची जोड आहे. मूर्ती घडतात वर्षभर, पण पावसाळ्याच्या तोंडाला टेम्पोंची रीघ लागते आणि अरुंद आळ्यांतली वाहतूक, साचणारी माती, रंगाचे पाणी, मंडपाचे परवाने, विसर्जनाचे घाट आणि निर्माल्य हे सगळे विषय एकाच महिन्यात सभेपुढे येतात. मूर्ती शाडूची की प्लास्टरची हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तरी कृत्रिम तलाव कुठे खणायचा हे ठरवावे लागते गावालाच.

एका साध्या अर्जाचा प्रवास पाहिला तर कारभाराचा वेग कळतो. गटार तुंबल्याचा अर्ज आवक खिडकीवर येतो, त्यावर शिक्का आणि क्रमांक पडतो. साफसफाईपुरता प्रश्न असेल तर आरोग्य विभागाचा मुकादम दोन माणसे पाठवतो आणि काम त्याच आठवड्यात होते. गटार खचले असेल तर बांधकाम विभागाचा अभियंता जागा पाहतो, अंदाजपत्रक होते, ते सभेपुढे जाते, तांत्रिक मंजुरी मिळते, निविदा निघते आणि मधे पावसाळा येतो. २००५ च्या माहिती अधिकारामुळे आपला अर्ज कुठल्या टेबलावर अडला हे विचारता येऊ लागले. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखले आणि उतारे यांना मुदत लागली. ओळखीशिवाय कार्यालयात पाऊल न टाकणाऱ्या माणसासाठी या दोन कायद्यांनी केले तेवढे कोणत्याही एका निवडणुकीने केलेले नाही.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान, नियमित निवडणुका आणि महिलांना राखीव जागा दिल्या. महाराष्ट्रात महिलांचा वाटा पुढे निम्म्यावर गेला. पाणी आणि संडास हे विषय सभेत मांडणाऱ्यांत ते रोज सोसणाऱ्यांची संख्या त्यामुळे वाढली. २०११ च्या जनगणनेत पेणची लोकसंख्या ३७,८५२ आणि रोहा-अष्टमीची २०,८४९ होती. एवढ्याशा गावात नगरसेवक कोणाला अनोळखी नसतो. तो बाजारात भेटतो, लग्नात भेटतो, आणि तक्रारीला कार्यालयीन वेळ लागत नाही.

म्हणूनच २०२१ नंतरचा काळ जाणवण्याजोगा ठरला. २०१६ च्या निवडणुकीतून आलेल्या परिषदांची मुदत संपली, इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचे खटले लांबले आणि राज्यभरच्या नगरपालिका प्रशासकांच्या हाती गेल्या. कर वसूल होत होते, निविदा निघत होत्या, अंदाजपत्रकही मंजूर होत होते. फक्त त्यावर प्रश्न विचारायला सभागृहात निवडून आलेले कोणी नव्हते. जवळपास चार वर्षांनी, २ डिसेंबर २०२५ रोजी, पेण आणि रोहा यांच्यासह रायगड जिल्ह्यातल्या दहा नगरपालिकांसाठी मतदान झाले. नगराध्यक्षाची निवडही थेट मतदारांनी केली, आणि २१ डिसेंबरच्या मोजणीनंतर दोन्ही गावांना पुन्हा निवडून आलेल्या सभा मिळाल्या.