ग्रंथाचा वंशवृक्ष

आपल्यांतील कित्येक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापून निघालेले आहेत, आणि त्यांत घडी घालून ठेवलेला वंशवृक्ष वाचकांनीं पाहिलेला असेलच. मूळ पुरुष एक. त्यास पुत्र, पुत्रांस पुनः पुत्र. कोणत्याहि नांवावर बोट ठेवावें आणि मागें मागें जात मूळ पुरुषापर्यंत पोंचावें. ह्या आकृतींत प्रत्येकास पिता एकच असतो, म्हणून वाट कधीं चुकत नाहीं. संगणकशास्त्रानें लिखित ग्रंथाकडे, विशेषतः माहितीपुस्तकें व कोश ह्यांकडे, ह्याच दृष्टीनें पाहावयास शिकविलें. ही दृष्टि कशी उदयास आली व तिची मर्यादा कोठें आहे, हें थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

मुद्रणालयांत संपादक हस्तलिखिताच्या समासांत 'येथें ठळक टाईप', 'येथें नवा परिच्छेद' अशा खुणा करीत असे, व जुळारी त्याबरहुकूम खिळे जुळवीत असे. १९६४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत जेरोम सॉल्ट्झर ह्यांनीं आपल्या प्रबंधाचा आराखडा टंकित करण्यासाठीं 'रनऑफ' नांवाची आज्ञावली रचली, तींत हीच रीत आली. ओळीच्या आरंभीं टिंब देऊन आज्ञा लिहावयाची आणि यंत्रानें पुढील मजकूर तशा रीतीनें मांडावयाचा. सोय मोठी झाली खरी. परंतु 'ही ओळ मध्यभागीं घ्या' एवढेंच सांगितल्यानें ती ओळ प्रकरणाचें शीर्षक आहे कीं कवितेचा चरण आहे, हें यंत्रास कोठून कळणार?

ही उणीव १९६९ सालीं आय. बी. एम. कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रांत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी ह्यांच्या प्रत्ययास आली. गोल्डफार्ब हे शिक्षणानें वकील. वकिलांच्या कचेऱ्यांतील कागद लिहिणें, शोधणें व छापणें हीं तिन्ही कामें एकत्र साधावयाचीं होतीं. पण प्रत्येक कामाची आज्ञावली निराळी, आणि एकीच्या खुणा दुसरीस समजत नसत. त्यांनीं तोडगा काढला तो असा कीं, खुणेनें रूप न सांगतां स्वरूप सांगावें. हें शीर्षक, हा परिच्छेद, ही टीप, इतकें म्हणून थांबावें. रूप ज्यानें त्यानें द्यावें. तिघांच्या आडनांवांचीं आद्याक्षरें त्या भाषेस मिळालीं व ती 'जी. एम. एल.' म्हणून ओळखली जाऊं लागली. तिच्यापासून निघालेली 'एस. जी. एम. एल.' १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली.

स्वरूप सांगूं लागतांच वंशवृक्ष आपोआप उभा राहिला. टीप परिच्छेदाच्या पोटांत, परिच्छेद प्रकरणाच्या, प्रकरण ग्रंथाच्या. शाळेंत आपण वाक्यपृथक्करण करीत असूं, तसेंच हें ग्रंथाचें पृथक्करण. आणि त्याची युक्ति स्वयंपाकघरांतील भाकऱ्यांच्या चळतीसारखी आहे. यंत्र मजकूर आरंभापासून वाचीत जातें. आरंभाची खूण भेटली कीं त्या वेळीं चळतीच्या माथ्यावर जें नांव असेल त्याचें अपत्य म्हणून नवें नांव वृक्षांत नोंदावयाचें व तें चळतीवर ठेवावयाचें. साधा मजकूर आला तर तो माथ्यावरील नांवाच्या पदरीं घालावयाचा. शेवटाची खूण आली कीं ती माथ्यावरील नांवाशीं ताडून पाहावयाची, आणि जुळल्यास तें नांव उचलावयाचें. ग्रंथ संपतांना चळत रिकामी झाली तर वृक्ष पुरा झाला. कांहीं उरलें तर कोठें तरी खूण राहून गेली, हें निश्चित.

ह्या कल्पनेची खरी कसोटी लागली ती ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशाच्या प्रसंगीं. जेम्स मरे ह्यांच्या संपादकत्वाखालीं त्याचा पहिला भाग १८८४ सालीं निघाला व १९२८ सालीं तो पुरा झाला. पुढें १९८४ सालीं तो संगणकावर आणण्याची योजना जाहीर झाली. १२० हून अधिक टंकलेखकांनीं सुमारें ३५ कोटी अक्षरें उतरविलीं व ५५ मुद्रितशोधकांनीं तीं तपासलीं. पण नुसतीं अक्षरें उतरून भागण्यासारखें नव्हतें. कोशांत तिरपा टाईप कोठें ग्रंथाचें नांव दाखवितो, कोठें व्याकरणाचा संक्षेप. सुजाण वाचक स्थानावरून तें ताडतो, यंत्र ताडूं शकत नाहीं. म्हणून कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत गास्टन गॉनेट व फ्रँक टॉम्पा प्रभृतींनीं कोशांतील नोंदीचेंच व्याकरण बसविण्याचा उद्योग केला. ४४ वर्षें अनेक हातांनीं चाललेल्या कामांत अपवाद असावयाचेच; त्यांनाहि जागा करून द्यावी लागली. १९८९ सालीं दुसरी आवृत्ति वीस खंडांत निघाली. पूर्वी ज्या कोशांत केवळ शब्दावरून शिरतां येई, त्यांत आतां अमक्या ग्रंथकाराचीं अवतरणें कोठें कोठें आहेत हेंहि विचारतां येऊं लागलें.

वॉटर्लूच्या त्या कार्यांत असलेले टिम ब्रे हेच पुढें १० फेब्रुवारी १९९८ रोजीं प्रसिद्ध झालेल्या 'एक्स. एम. एल.' ह्या भाषेच्या संपादकांपैकीं एक होत. तिचा दंडक कडक: एक खूण जुळली नाहीं कीं पृथक्करण तेथेंच थांबावें. जागतिक जाळ्यावरील पानें वाचणाऱ्या आज्ञावल्यांचें धोरण उलट, म्हणजे चूक पोटांत घालण्याचें होतें. पण प्रत्येकीची क्षमा निराळी, त्यामुळें एकाच पानाचे दोन ठिकाणीं दोन वृक्ष होत. २०१४ सालीं प्रमाण ठरलेल्या 'एच. टी. एम. एल.'च्या पांचव्या आवृत्तींत चूक कशी सांवरावी ह्याचेहि नियम घालून दिले आहेत. औदार्यासहि नियम लागतो, हाच ह्यांतील बोध.

ग्रंथ स्वभावतःच वृक्षरूप आहे, असें १९९० सालीं स्टीव्हन डीरोझ, ॲलन रेनिअर व त्यांच्या दोघां सहकाऱ्यांनीं प्रतिपादिलें होतें. परंतु परिच्छेद एका पानावर सुरू होऊन दुसऱ्या पानावर संपतो, तेव्हां पान परिच्छेदाचें अपत्य कीं परिच्छेद पानाचें? दोन्हीही नव्हे. ही अडचण त्यांच्यापैकींच तिघांनीं पुढें मोकळेपणानें मान्य केली. व्यवहारांत परिच्छेदास वृक्षांत स्थान देतात, आणि पान जेथें उलटतें तेथें मैलाच्या दगडासारखी एक खूण तेवढी रोंवतात.

आपल्या कुलवृत्तान्तांतहि असेंच होत आलें आहे. मुलगी सासरीं गेली कीं तिची शाखा बहुधा तेथेंच खुंटते. ती खुंटलेली नसते. फक्त त्या कागदावर काढलेली नसते. वृक्ष खोटा नव्हे, पण तो कोणाच्या बाजूनें काढला आहे, हें वाचणाऱ्यानें नेहमीं ध्यानांत ठेवावें.